टाइप बदलला, पण माहिती शाबूत राहिली का?

ब्राउझरचं कन्सोल (जावास्क्रिप्टचे आदेश लिहायची खिडकी) उघडा, ९००७१९९२५४७४०९९३ ही संख्या इंग्रजी अंकांत लिहा आणि एंटर दाबा. उत्तर येतं ९००७१९९२५४७४०९९२. शेवटच्या तीनाचा दोन झाला. एरर नाही, इशारा नाही, प्रोग्राम पुढे चालूच. ही संख्या एखाद्या नोंदीचा आयडी असेल, तर आता तुमच्या हातात भलत्याच कुणाची तरी नोंद आहे.

शून्याने भागलं, नसलेली फाइल उघडली, की प्रोग्राम सहसा तिथेच थांबतो आणि चूक कुठे झाली ते निदान कळतं. डेटाचा टाइप, म्हणजे तो पूर्णांक आहे, मजकूर आहे की तारीख हा प्रकार, बदलताना हरवलेली माहिती मात्र बहुतेक वेळा काहीच बोलत नाही. ती गेली आहे हे कळतं महिन्यांनी, आणि तोवर मूळ डेटा कुणी ठेवलेला नसतो. म्हणून हा विषय नवशिक्यांनी पहिल्याच वर्षी नीट समजून घ्यावा असं मला मनापासून वाटतं.

सुरुवात अगदी मुळापासून करू. कॉम्प्युटरच्या मेमरीत फक्त बिट्स असतात, म्हणजे शून्य आणि एक. ते बिट्स कसे वाचायचे हे टाइप ठरवतो. ३२ बिट्सचा एकच नमुना इंटिजर (पूर्णांक) म्हणून वाचला तर १०६५३५३२१६ ही संख्या मिळते आणि फ्लोट (दशांश चिन्हाची संख्या) म्हणून वाचला तर १.०. बिट्स तेच, अर्थ वेगळा. त्यामुळे ‘टाइप बदलणं’ या एका नावाखाली दोन निरनिराळ्या गोष्टी येतात. एकात किंमत तीच ठेवायची असते आणि त्यासाठी बिट्स बदलतात. दुसरीत बिट्स तसेच राहतात आणि फक्त वाचण्याची पद्धत बदलते. दुसरीत एकही बिट हरवत नाही, पण कुठल्या पद्धतीने वाचायचं हे ज्याला माहीत नाही त्याच्या पदरी निव्वळ कचरा पडतो. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता मुख्य प्रश्न. रूपांतरात माहिती टिकली, असं कधी म्हणायचं? उत्तर छोटं आहे: आधी वेगळ्या असलेल्या कुठल्याही दोन किमती नंतरही वेगळ्याच राहिल्या, तर माहिती टिकली. दोन वेगळ्या किमती एकाच जागी येऊन पडल्या, की त्यांतली मूळ कोणती होती हे सांगायचा मार्ग कायमचा बंद होतो. म्हणजे कसोटी एकच, परत येता येतं का? दिसायला किंमत कितीही बदलली तरी चालेल. परतीचा रस्ता असेल, तर काही गेलेलं नाही.

कन्सोलमधल्या संख्येला ही कसोटी लावून पाहा. ...९९२ आणि ...९९३ या दोन्ही संख्या ...९९२ वरच येऊन पडल्या. म्हणून तिथे माहिती गेली.

बिट्स तेवढेच, तरी जागा पुरत नाही

पुष्कळांची समजूत असते की मोठ्या टाइपमध्ये घातलं की सुरक्षित, लहानात घातलं की धोका. अर्धं खरं आहे. ६४ बिट्सचा इंटिजर ६४ बिट्सच्या फ्लोटमध्ये, म्हणजे ‘डबल’मध्ये, घातला तर दोघांचा आकार सारखाच असतो. तरी माहिती जाते. का?

६४ बिट्समधून जास्तीत जास्त दोनचा चौसष्टावा घात इतकेच वेगवेगळे नमुने तयार होतात. ६४-बिट इंटिजर ते सगळेच्या सगळे पूर्णांकांसाठी वापरतो. डबलला त्याच नमुन्यांतून अपूर्णांक, अतिप्रचंड संख्या, अतिसूक्ष्म संख्या, अनंत आणि ‘ही संख्याच नाही’ असं सांगणारी खास किंमत, एवढं सगळं भागवायचं असतं. खुर्च्या तेवढ्याच, आणि त्यांतल्या बऱ्याच आधीच दुसऱ्यांना दिलेल्या. मग काही पूर्णांकांना एकाच खुर्चीवर बसावं लागतं.

नेमकं कुठून? फ्लोट कसे साठवायचे ते ठरवणाऱ्या आयईईई ७५४ या १९८५ च्या मानकानुसार डबलमधला एक बिट चिन्हासाठी (अधिक की उणे), ११ बिट घातांकासाठी आणि ५२ बिट अंकांसाठी असतात. शिवाय अंकांच्या सुरुवातीचा एक बिट गृहीतच धरलेला असतो, म्हणून प्रत्यक्षात ५३ बिट्सची अचूकता मिळते. दोनचा त्रेपन्नावा घात म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२. तिथपर्यंत प्रत्येक पूर्णांकाला स्वतःची जागा आहे. त्यापुढे दर दोन पूर्णांकांतला एकच मावतो, मग दर चारांतला एक, मग दर आठांतला एक. एकावर अठरा शून्यं एवढ्या संख्येपाशी पोहोचलात की शेजारच्या दोन डबल किमतींमधलं अंतर १२८ झालेलं असतं. म्हणजे अठरा-एकोणीस अंकी आयडी डबलमध्ये ठेवला, तर शेवटचे दोन-तीन अंक भरवशाचे उरत नाहीत.

३२ बिट्सच्या फ्लोटची मर्यादा तर फारच लवकर येते. तिथे १६७७७२१६ नंतरचा पहिलाच पूर्णांक, १६७७७२१७, मावत नाही. पावणेदोन कोटींच्याही आत गाडी अडली.

यात मला सगळ्यात जास्त खटकतं ते भाषांचं वागणं. जावामध्ये डबलचा फ्लोट करायचा तर कास्ट (टाइप बदलायची लेखी सूचना) लिहावाच लागतो, नाहीतर कंपायलर, म्हणजे कोड तपासून त्याचं भाषांतर करणारा प्रोग्राम, अडवतो. पण ६४ बिट्सचा ‘लाँग’ फ्लोटमध्ये टाकला तर कंपायलर हूं की चूं करत नाही, कारण भाषेच्या नियमांत याला ‘रुंदीकरण’ म्हटलं आहे. आवाका रुंदावतो हे खरं, अचूकता मात्र घटते. कंपायलर अडवत नाही याचा अर्थ माहिती टिकते असा होत नाही.

प्रत्यक्षात याचा फटका बसू शकतो हे ओळखूनच ट्विटरने २०१० च्या सुमारास प्रत्येक ट्वीटचा आयडी दोनदा पाठवायला सुरुवात केली, एकदा संख्या म्हणून आणि एकदा स्ट्रिंग (मजकूर) म्हणून. नवे आयडी ५३ बिट्सच्या पलीकडे जाणार होते आणि साध्या संख्या डबलमध्येच ठेवणारी जावास्क्रिप्ट वाचताना त्यांचे अंक बिघडवणार होती.

लहान डब्यात मोठी संख्या

मोठ्या इंटिजरचा लहान इंटिजर करताना काय होतं हे तुलनेने सरळ आहे. वरचे बिट्स कापले जातात, खालचे उरतात. ३०० ही संख्या चिन्हाविना ८ बिट्समध्ये कोंबली तर ४४ उरते, कारण ३०० मधून २५६ वजा झाले. २०० ही संख्या चिन्हासह ८ बिट्समध्ये टाकली तर उणे ५६ होते. उणे एक ३२ बिट्सच्या बिनचिन्ही टाइपमध्ये गेला की ४२९४९६७२९५ होऊन बसतो. सी भाषेत चिन्हासह आणि चिन्हाविना अशा दोन इंटिजरांची तुलना केली की हे रूपांतर आपोआप होतं आणि ‘उणे एक हा एकापेक्षा मोठा’ असं उत्तर मिळू शकतं.

फ्लोटचा इंटिजर करताना आवाक्याबाहेरची किंमत आली तर भाषेगणिक निकाल वेगळा लागतो. तीन अब्ज ही डबलमधली संख्या जावामध्ये ३२-बिट इंटिजर केली तर २१४७४८३६४७ या कमाल किमतीवर अडकते. जावास्क्रिप्टमध्ये बिट-क्रिया (थेट बिट्सवर चालणारी क्रिया) लावून केली तर उणे १२९४९६७२९६ मिळतात. सी भाषेत याला ‘अपरिभाषित वर्तन’ म्हणतात, म्हणजे काहीही मिळू शकतं आणि कंपायलरवर कसलंच बंधन नसतं. एका भाषेतून दुसरीत कोड नेणाऱ्यांनी ही जागा डोळ्यांत तेल घालून तपासावी.

या प्रकारच्या रूपांतराची सर्वांत प्रसिद्ध किंमत एका रॉकेटने मोजली. ४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानातल्या कुरू तळावरून एरियन-५ या युरोपीय रॉकेटचं पहिलं उड्डाण झालं. आत क्लस्टर मोहिमेचे चार उपग्रह होते. चाळीस सेकंदांच्या आतच रॉकेट वाट सोडून वळलं, तुटलं आणि नष्ट झालं. गणितज्ञ जाक-लुई लिओन्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी मंडळ बसलं. त्याचा अहवाल माझ्या मते प्रत्येक प्रोग्रामरने एकदा तरी वाचावा असा आहे.

घडलं ते असं. रॉकेटची दिशा आणि गती मोजणाऱ्या यंत्रणेचं सॉफ्टवेअर आधीच्या एरियन-४ वरून जसंच्या तसं उचललं होतं. त्यात आडव्या वेगाशी संबंधित एक किंमत ६४-बिट फ्लोटमधून १६-बिट चिन्हांकित इंटिजरमध्ये नेली जात होती. १६ बिट्समध्ये जास्तीत जास्त ३२,७६७ मावतात. एरियन-४ च्या मार्गावर ती किंमत तिथवर कधी पोहोचतच नसे. एरियन-५ चा मार्ग वेगळा होता आणि त्याचा आडवा वेग सुरुवातीलाच कितीतरी जास्त वाढत होता. किंमत मर्यादेबाहेर गेली, रूपांतर फसलं, आणि राखीव व मुख्य अशा दोन्ही यंत्रणा बंद पडल्या. दोन्हींत सॉफ्टवेअर एकच असल्यामुळे राखीव यंत्रणेचा काही उपयोग झाला नाही.

गोष्ट सहसा इथेच संपवतात. पण अहवालातल्या पुढच्या दोन बाबी जास्त शिकवून जातात. पहिली अशी, की धोक्याची शक्यता असलेली अशी सात रूपांतरं सापडलेली होती आणि त्यांपैकी चारांना संरक्षण दिलेलंही होतं. प्रोसेसरवरचा भार ८० टक्क्यांच्या आत ठेवायचा होता, म्हणून उरलेली तीन उघडी ठेवली. त्या किमती मर्यादेतच राहतील असा तर्क होता. तो तर्क जुन्या रॉकेटपुरता बरोबर होता. म्हणजे सुरक्षिततेचं कारण कोडमध्ये नव्हतं, रॉकेटच्या मार्गात होतं, आणि मार्ग बदलला तेव्हा ते कारण कुणी पुन्हा तपासलं नाही.

दुसरी बाब तर थेट टाइपचीच. बंद पडताना त्या यंत्रणेने बिघाडाची माहिती सांगणारे बिट्स पाठवले. मुख्य संगणकाने ते बिट्स उड्डाणाचा डेटा समजून वाचले आणि त्यानुसार नोझल (इंजिनांची तोंडं) वळवले. आठवतंय ना, बिट्स तेच पण वाचण्याची पद्धत वेगळी? एकाच अपघातात दोन्ही प्रकार झाले. आधी किंमत मावली नाही, मग बिट्स चुकीच्या अर्थाने वाचले गेले. त्यातही हळहळ वाटते ती याची, की ज्या गणनेत हे रूपांतर होतं ती उड्डाणापूर्वी यंत्रणा जुळवून घेण्यासाठीची होती. रॉकेटने जमीन सोडल्यावर तिची गरजच नव्हती.

दशांश चिन्हानंतरचं जग

०.१ ही संख्या डबलमध्ये अचूक मावत नाही. दशमान पद्धतीत एक तृतीयांश लिहायला जसे अनंत तीन लागतात, तसंच द्विमान पद्धतीत एक दशांशाचं होतं. साठवली जाते ती सर्वांत जवळची किंमत, ०.१००००००००००००००००५५५ आणि पुढे आणखी बरेच अंक. ०.१ आणि ०.२ मिळवले की ०.३००००००००००००००४ दिसतं ते यामुळेच.

इथे एक गोष्ट नीट वेगळी काढायला हवी. ०.१ अचूक साठवला गेला नाही, म्हणून माहिती हरवलीच असं नाही. पंधरा सार्थ अंकांपर्यंतची (सुरुवातीची शून्यं सोडून मोजलेले अंक) कुठलीही नेहमीच्या आवाक्यातली दशांश संख्या डबलमध्ये नेली आणि पुन्हा पंधरा अंकांत लिहिली, तर मूळ संख्या जशीच्या तशी परत मिळते. उलट दिशेने, कुठलाही डबल मजकुरात उतरवताना सतरा सार्थ अंक लिहिले तर वाचताना नेमका तोच डबल मिळतो. फ्लोटसाठी हे आकडे अनुक्रमे सहा आणि नऊ आहेत. परतीचा रस्ता शाबूत आहे, फक्त पुरेसे अंक लिहायला हवेत. दोन-तीन दशांश स्थळांपर्यंत छापून तोच मजकूर पुढच्या गणितासाठी वापरला, तर तो रस्ता आपण आपल्या हाताने तोडतो.

पायथन या भाषेने ३.१ या आवृत्तीपासून यावर सुंदर तोडगा वापरला आहे. सतरा अंक सरसकट छापण्याऐवजी, परत वाचल्यावर तोच डबल देणारा सगळ्यात छोटा मजकूर शोधायचा. म्हणून ०.१ पडद्यावर ०.१ असाच दिसतो, तरी काही हरवत नाही.

फ्लोटमधून इंटिजरकडे जाताना मात्र जपा. १९.९९ ला १०० ने गुणलं की डबलमध्ये १९९८.९९९९९९९९९९९९८ येतात. इंटिजरमध्ये कास्ट केलं की अपूर्णांक सरळ छाटला जातो आणि १९९८ उरतात. एक पूर्ण एकक गायब. आधी राउंड करा, मग कास्ट करा. आणि पैशांच्या रकमा मुळात द्विमान फ्लोटमध्ये ठेवूच नयेत. लहानात लहान नाण्याच्या पूर्णांकात ठेवा किंवा दशमान टाइप वापरा.

छाटणीतला एक-एक कण साठून काय होतं, ते व्हँकुव्हर शेअर बाजाराने अनुभवलं. १९८२ च्या जानेवारीत तिथला निर्देशांक १००० वर सुरू झाला. प्रत्येक व्यवहारानंतर तो नव्याने मोजला जाई आणि तीन दशांश स्थळांपुढचा भाग राउंड न करता कापला जाई. कापणं नेहमी खालच्याच बाजूला जातं. नोव्हेंबर १९८३ पर्यंत निर्देशांक घसरत घसरत ५२४.८११ वर आला होता. दुरुस्ती केल्यावर तो १०९८.८९२ निघाला. बाजार वर गेला होता आणि आकडा निम्म्यावर आलेला दिसत होता.

अंकांनी लिहिलेली प्रत्येक गोष्ट संख्या नसते

‘००४२’ हा कोड संख्येत बदलला की ४२ होतो. ‘०४२’ सुद्धा ४२ होतो आणि ‘४२’ तर असतोच. तीन वेगळे कोड एकाच जागी पडले. फोन नंबर, पिनकोड, खाते क्रमांक, उत्पादनांचे कोड यांचं हेच होतं. एखादी गोष्ट संख्या आहे की नाही हे ओळखायला मी साधा प्रश्न विचारतो: तिची सरासरी काढण्यात काही अर्थ आहे का? फोन नंबरांची सरासरी कुणी काढत नाही. मग ती स्ट्रिंग आहे, अंकांनी लिहिलेली असली तरी.

स्प्रेडशीटमध्ये हा धोका दुप्पट होतो, कारण तिथे रूपांतर आपण करत नाही, ते आपसूक होतं. एक्सेल संख्येचे पंधराच सार्थ अंक जपतं, त्यामुळे सोळा अंकी क्रमांक घातला तर शेवटचा अंक शून्य होतो. जीवशास्त्रज्ञांना याचा फार त्रास झाला. ‘सेप्ट-२’ या जनुकाचं इंग्रजी नाव घातलं की एक्सेलला ती २ सप्टेंबर वाटे, ‘मार्च-१’ म्हणजे १ मार्च. ‘२३१०००९ई१३’ यासारखा क्लोनचा ओळख-क्रमांक, मध्ये इंग्रजी ‘ई’ आल्यामुळे, घातांकात लिहिलेली राक्षसी संख्या म्हणून वाचला जाई. तारीख झाल्यावर सेलमध्ये दिवसांचा एक अनुक्रमांक तेवढा उरतो, मूळ अक्षरं तिथे नसतातच. नंतर सेलचा फॉरमॅट मजकूर करून उपयोग होत नाही तो याचमुळे.

२०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, ज्या शोधनिबंधांसोबत जनुकांच्या याद्या एक्सेल फाइलमध्ये जोडलेल्या होत्या, त्यांपैकी सुमारे एक पंचमांश निबंधांत अशा चुका सापडल्या. शेवटी मानवी जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने २०२० मध्ये या जनुकांची नावंच बदलली. असं आपोआप रूपांतर बंद करण्याची सोय एक्सेलमध्ये २०२३ मध्ये आली. एका अंदाजी रूपांतरापुढे विज्ञानाला आपले शब्द बदलावे लागले, याची मला आजही चीड येते.

रिकाम्या जागांचंही असंच. ‘मोजलं नाही’, ‘मोजलं आणि शून्य आलं’ आणि ‘रिकामा मजकूर’ या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. सीएसव्ही फाइलमध्ये, म्हणजे स्वल्पविरामांनी किमती वेगळ्या केलेल्या साध्या मजकुरात, पहिली आणि तिसरी बहुतेकदा सारखीच दिसतात, आणि कुणी ‘सोय’ म्हणून रिकाम्या जागी शून्य भरलं की पहिली आणि दुसरीही एक होतात. पांडाज या पायथनमधल्या डेटा हाताळणाऱ्या लायब्ररीत इंटिजरच्या कॉलममध्ये एकही जागा रिकामी असली तर तो आख्खा कॉलम आपोआप डबल होतो. लहान संख्यांना त्याने फरक पडत नाही. मोठे आयडी असतील तर पुन्हा त्या ५३ बिट्सपाशी येऊन पोहोचतो.

वेळेचं थोडक्यात सांगतो. ज्या देशांत घड्याळ वर्षातून एकदा तासभर मागे घेतात, तिथे त्या रात्री दीड वाजण्याची वेळ दोनदा येऊ शकते. टाइमझोनचा फरक न लिहिता नुसतं ‘१:३०’ साठवलं तर दोन वेगळे क्षण एक झाले. घडून गेलेल्या घटना यूटीसी या जागतिक प्रमाण वेळेत ठेवा. भविष्यातल्या भेटींसाठी मात्र स्थानिक वेळ आणि टाइमझोनचं नाव दोन्ही ठेवा, कारण सरकारं घड्याळाचे नियम मध्येच बदलतात.

विद्रूप दिसणं वेगळं, हरवणं वेगळं

मजकुराच्या एन्कोडिंगमध्ये, म्हणजे अक्षरांचे बिट्स ठरवण्याच्या पद्धतीत, हा भेद इतका स्वच्छ दिसतो की त्यावर थोडं रेंगाळायला हवं. ‘मराठी’ या शब्दात युनिकोडचे, म्हणजे सगळ्या लिपींतल्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या मानकाचे, पाच कोड पॉइंट (क्रमांक) आहेत: म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी. यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये देवनागरीच्या प्रत्येक कोड पॉइंटला तीन बाइट (आठ बिट्सचा एक बाइट) लागतात, म्हणून एकूण पंधरा.

आता दोन चुका करून पाहू. पहिली: हे पंधरा बाइट कुणीतरी आयएसओ ८८५९-१ हे पश्चिम युरोपीय एन्कोडिंग समजून वाचले. समोर चित्रविचित्र चिन्हं येतात, डोक्यावर तिरकी रेघ असलेले रोमन ए वगैरे. भयानक दिसतं. पण त्या एन्कोडिंगमध्ये प्रत्येक बाइटला स्वतःचं वेगळं स्थान आहे, त्यामुळे उलट क्रिया केली की ‘मराठी’ जशीच्या तशी परत मिळते. काहीच गेलेलं नव्हतं.

दुसरी: तोच शब्द त्याच एन्कोडिंगमध्ये *रूपांतरित* केला, आणि न मावणाऱ्या अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह टाकायला सांगितलं. आता पाच प्रश्नचिन्हं उरतात. ‘कविता’ या शब्दातही पाचच कोड पॉइंट आहेत, त्याचीही पाच प्रश्नचिन्हंच झाली असती. दिसायला हे पहिल्यापेक्षा कितीतरी नीटनेटकं, पण परतीचा रस्ता संपला. डेटाबेसमध्ये गिचमिड अक्षरं दिसली की घाबरून काही ‘साफ’ करू नका, बहुधा वाचवता येतील. प्रश्नचिन्हं दिसली तर बॅकअप शोधायला लागा.

बाइट मोजून मजकूर कापणं हाही नेहमीचा घोटाळा. ‘मराठी’चे पहिले दहा बाइट ठेवले तर तीन कोड पॉइंट पूर्ण येतात आणि ‘ठ’चा एकतृतीयांश तुकडा लोंबकळत राहतो. आणि एक खास आपल्याकडचं उदाहरण: ‘दुसऱ्या’मधला ‘ऱ’ एका कोड पॉइंटने लिहिता येतो, किंवा ‘र’ आणि खालचा नुक्ता अशा दोन कोड पॉइंटनी. डोळ्यांना दोन्ही सारखे, बाइट वेगळे, त्यामुळे शोधताना एक दुसऱ्याला सापडत नाही. तुलना करण्याआधी दोन्ही मजकूर युनिकोडच्या प्रमाणित रूपात आणले की हा प्रश्न सुटतो. त्या रूपांतरात कोणता ‘ऱ’ टाइप केला होता ही माहिती जाते, आणि ती जायलाच हवी. हरवणारी प्रत्येक माहिती मोलाची नसते. कोणती घालवायची हे आपण ठरवलेलं असावं, एवढंच.

सीमेवर काय गळतं

एकाच प्रोग्रामच्या आत कंपायलर थोडंफार लक्ष ठेवतो. डेटा बाहेर पडला की पाहणारं कुणी नसतं. जेसनमध्ये, म्हणजे प्रोग्रामांमध्ये डेटाची देवाणघेवाण करण्याच्या मजकूर-स्वरूपात, तारखेसाठी टाइपच नाही, त्यामुळे तारीख स्ट्रिंग म्हणून जाते आणि वाचताना स्ट्रिंगच राहते. जावास्क्रिप्ट ‘संख्या नाही’ ही खास किंमत जेसनमध्ये ‘नल’ (रिकामी किंमत) म्हणून लिहिते. पायथनमधल्या डिक्शनरीच्या ‘कीज’, म्हणजे नोंदी शोधायची नावं, पूर्णांक असल्या तर जेसनमध्ये जाताना स्ट्रिंग होतात, आणि टपलची (न बदलता येणाऱ्या यादीची) साधी यादी होते. सीएसव्हीमध्ये तर टाइप नावाची गोष्टच नाही, सगळाच मजकूर, आणि वाचणारा अंदाज बांधतो. म्हणून सीएसव्ही वाचताना प्रत्येक कॉलमचा टाइप स्वतः सांगावा. निदान आयडी आणि कोडचे कॉलम तरी सक्तीने स्ट्रिंग म्हणून वाचावेत.

भाषांकडून मिळणारी मदत घ्या. रस्ट या भाषेत ‘फ्रॉम’ हे रूपांतर संख्यांसाठी फक्त तिथेच उपलब्ध आहे जिथे किंमत नक्की टिकते. ३२-बिट इंटिजर ते डबल मिळतं, ६४-बिट इंटिजर ते डबल मिळत नाही. जिथे इंटिजर न मावण्याची शक्यता आहे तिथे ‘ट्रायफ्रॉम’ वापरून अपयश हाताळावं लागतं. स्विफ्ट या भाषेत तर हेतूच लिहिता येतो: नेमकी मावली तरच घे, मर्यादेवर अडकव, किंवा वरचे बिट्स काप. मला ही पद्धत फार आवडते, कारण वर्षभराने कोड वाचणाऱ्याला काय गमावलं जातंय ते तिथेच कळतं. सी वापरत असाल तर जीसीसी आणि क्लँग या कंपायलरांमधले कन्व्हर्जनचे (रूपांतराचे) इशारे मुद्दाम सुरू करा. ‘ऑल’ म्हणवणाऱ्या पर्यायात ते येत नाहीत.

तपासणीचा सोपा मार्ग म्हणजे राउंड-ट्रिप: तिकडे न्या, परत आणा, मूळ किमतीशी ताडून पाहा. यातही एक खाच आहे. जावामधली सर्वांत मोठी लाँग किंमत, ९२२३३७२०३६८५४७७५८०७, डबलमध्ये नेली की ती एकाने वाढून ९२२३३७२०३६८५४७७५८०८ होते. परत आणताना ती मर्यादेबाहेर असल्यामुळे कमाल किमतीवर अडकते आणि नेमकी मूळ किंमत मिळते. चाचणी पास, पण मधली किंमत चुकीचीच. म्हणून नुसत्या टोकाच्या किमतीवर विसंबू नका. टोक, त्याच्या आतली एक, दोनचा त्रेपन्नावा घात आणि त्याच्या दोन्ही बाजूच्या किमती, शून्य, उणे एक, रिकामी किंमत, अशी सगळी घ्या.

चालू डेटाबेसमधल्या कॉलमचा टाइप बदलायचा असेल तर तो जागच्या जागी बदलू नका. शेजारी नवा कॉलम करा, त्यात रूपांतरित किमती भरा, आणि दोन्ही कॉलममध्ये वेगवेगळ्या किमती किती आहेत ते मोजा. नव्या कॉलममध्ये कमी भरल्या, तर कुठेतरी दोन किमती एक झाल्या आहेत आणि त्या कोणत्या हे लगेच शोधता येतं. संख्या सारखी आली तरी एक प्रश्न उरतो. सगळेच कोड चार अंकी असतील तर पुढची शून्यं गेली तरी किमती वेगळ्याच राहतात, आणि चार अंक भरून मूळ कोड परतही मिळवता येतो. पण ‘चार अंक’ ही माहिती आता डेटात नसून तुमच्या डोक्यात आहे. ती स्कीमामध्ये (डेटाबेसच्या रचनेच्या वर्णनात) लिहून ठेवा, मगच जुना कॉलम काढा.